उताराच्या दारात ट्रॅक्टरची ट्रॉली लावताना: आधी ठोकळा, मग पिन

ट्रॉली घरी आणून लावण्यात काय शिकायचं, असं बहुतेकांना वाटतं. सपाट आवार असेल तर खरंच काही शिकायचं नाही. पण आपल्याकडे सपाट दार मिळतं कुठे? काळी माती पाण्याने फुगते म्हणून घराचा जोता उंच घेतला, की दारासमोर चढ तयार होतो. नाही तर सिमेंट रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि जुनं घर खाली राहतं, मग दारासमोर उतार. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदकडच्या डोंगराळ भागात तर गल्ल्याच तिरप्या.

अशा दारात दरवर्षी त्याच चुका होतात: ट्रॅक्टर चुकीच्या बाजूने आत घालणं, भरलेली ट्रॉली वर चढवायला जाणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाकाखाली काही न लावता ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन उपसणं. खाली सांगितलेला क्रम ३५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली धरून आहे. चार चाकीचं वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

## १. पहिले उतार मोजा, डोळ्यावर जाऊ नका

डोळा फसवतो. रस्त्यावरून पाहिलं तर उतार कमी वाटतो, आवारातून पाहिलं तर जास्त.

गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणि टेप घ्या. नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा. एकाने नळीचं टोक उताराच्या वरच्या कडेला धरायचं, दुसऱ्याने खालच्या कडेला. पाणी स्थिर झालं की दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. दोन्ही उंचींतला फरक म्हणजे चढ. मग उताराची लांबी मोजा.

समजा लांबी १८ फूट आणि फरक २ फूट ३ इंच आला. म्हणजे ८ फुटांना १ फूट. मी माझ्यापुरता हिशोब असा ठेवला आहे: १० फुटांना १ फूट असेल तर निवांत, ८ ला १ असेल तर सांभाळून, आणि ६ ला १ किंवा त्याहून उभा असेल तर आधी उतार दुरुस्त करायचा, ट्रॉली नंतर.

हा आकडा कशासाठी, ते समजून घ्या. ८ ला १ च्या उतारावर ट्रॉली आपल्या वजनाच्या साधारण आठव्या हिश्श्याने खाली ओढते. रिकामी ट्रॉली १२ क्विंटलची धरली तर दीड क्विंटल. मालासकट ४ टन भरली तर ५ क्विंटल, तेही चाकांवर. दोघं भाऊ दांडी धरून उभे राहतात आणि म्हणतात, "काढ पिन, आम्ही आहोत." ५ क्विंटल कोणाच्या बापाला धरता येत नाही.

तपासा: उताराची वरची कड एकदम तुटलेली आहे का? असेल तर ट्रॉलीची दांडी किंवा तिच्याखालच्या स्टँडचा (टेकूचा) पाय तिथे घासतो. खालच्या कडेला खोबण असेल तर मागचा फाळका, म्हणजे ट्रॉलीचं मागचं दार, जमिनीला टेकतो. दोन्ही टोकांना चार-पाच फूट सौम्य उतार ठेवला की ही कटकट मिटते.

## २. वाट आणि ठिकाण तयार करा

काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्या पावसात चाकाच्या दोन चाऱ्या पडतात आणि मुरूम मातीत गडप होतो. वरची मऊ माती फूटभर काढा, जाड गिट्टी भरा, वर मुरूम टाका, पाणी मारा आणि दाबा. मुरूम एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थराने दाबला तरच बसतो. दाबायला रिकामा ट्रॅक्टर पुढेमागे चालवला तरी काम होतं.

काँक्रीट करणार असाल तर गवंड्याला गुळगुळीत फिनिश करू देऊ नका. त्याला ते छान दिसतं, म्हणून तो हट्ट धरतो. ओल्या काँक्रीटवर एकेक बोटाच्या अंतराने आडव्या रेघा पाडून घ्या. कार्तिकात सकाळी दव पडलेलं असतं, त्यावर कुटाराचा भुसा सांडलेला असतो, आणि गुळगुळीत सिमेंटवर ट्रॅक्टरचं मागचं चाक जागच्या जागी फिरतं.

दारासमोर नाली असेल तर पाइप टाकण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. पाइपावर पुरेसा भराव किंवा काँक्रीट नसेल तर भरल्या ट्रॉलीच्या एका फेरीत तो फुटतो. मग नाली तुंबते आणि शेजारी तुमच्या नावाने ओरडत येतो. उताराचं तोंड रस्त्यावर ओढून आणू नका, तिथून मोटारसायकली जातात.

आता ट्रॉली उभी राहणार ती जागा. ती सपाटच हवी. ट्रॉलीच्या मापाची, म्हणजे साधारण १२ बाय ७ फूट, आणि दांडीसाठी पुढे ५ फूट. उतार कितीही असो, शेवटी चाकं सपाटीवर आली पाहिजेत. घर खाली असेल तर पावसाचं पाणी याच वाटेने आवारात येणार, म्हणून उताराच्या पायथ्याशी आडवी चर काढून पाणी बाजूला वळवा. चाकाखालची जमीन भिजली की ट्रॉली एका बाजूला बसते आणि सकाळी स्टँड तिरपा झालेला दिसतो.

वर पाहायलाही विसरू नका. गल्लीत घराघरांना गेलेल्या विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. कापसाची किंवा कुटाराची उंच भरलेली ट्रॉली, नाही तर हायड्रोलिकने उचललेला हौदा (माल भरायचा डबा), तारेला लागू शकतो.

> सावधान: ज्या जागी वर तार आहे, तिथे हौदा उचलायचाच नाही. "थोडाच उचलतो" हेसुद्धा नाही.

## ३. निघण्याआधी पाच मिनिटं

ब्रेकची पट्टी. ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात, डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे वेगळे. वावरात वळताना आपण एकच दाबतो, म्हणून दोन्ही पेडल जोडणारी पट्टी सोडलेली असते आणि तशीच राहते. उतारावर एकच पेडल दाबलं गेलं तर एकच चाक थांबतं, ट्रॅक्टर फिरतो आणि ट्रॉली आडवी येते. पट्टी लावा, दोन्ही पेडल एकदम दाबून बघा. एक जास्त खाली जात असेल तर आधी ब्रेक जुळवून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे दोघांची जबाबदारी ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर.

हुक. ट्रॉली खालच्या हुकलाच जोडा. वरच्या टॉप लिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या) जागी साखळी किंवा दांडी अडकवून चढावर ओढलं तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटतो. ही उडी इतकी झटक्यात असते की क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

पिन. पूर्ण जाडीची, खाली क्लिप असलेली. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा बोल्ट लावणारे आहेत. सपाट रस्त्यावर ते चालून जातं, म्हणून सवय लागते.

ठोकळे. बाभळीच्या ओंडक्याचे चार पाचरीसारखे तुकडे कापून घ्या. उंची चाकाच्या चौथ्या हिश्श्याइतकी. ट्रॉलीचं चाक अडीच-पावणेतीन फूट असतं, म्हणजे ७ ते ८ इंच. प्रत्येकाला दोन हात लांब दोर बांधा, म्हणजे काढताना चाकाजवळ हात घालावा लागत नाही. गोल गोटा नको. तो चाकाखालून सटकतो, नाही तर चाक त्यावर चढून जातं. अर्धी वीटही नको, ती फुटते.

## ४. तोंड कोणत्या बाजूला?

सगळा गोंधळ इथेच होतो. नियम एकच लक्षात ठेवा: उतारावर ट्रॅक्टर वरच्या अंगाला, ट्रॉली खालच्या अंगाला.

घर रस्त्यापेक्षा खाली असेल तर: रिव्हर्सने उतरवा. ट्रॉली पुढे खाली जाते, ट्रॅक्टर तोंड वर करून मागून येतो. ट्रॅक्टरचं वजन मागच्या चाकांवर पडतं, ब्रेक चांगला लागतो, आणि सकाळी सरळ वर निघता येतं. सरळ तोंडाने उतरलात तर मागून ट्रॉली ढकलते, मागची चाकं हलकी होतात, घसरतात आणि ट्रॉली कात्रीसारखी दुमडते.

घर रस्त्यापेक्षा वर असेल आणि आवारात वळायला जागा असेल तर: सरळ तोंडाने चढवा, लो गिअरमध्ये, एका दमात, मध्ये गिअर न बदलता. ट्रॉली रिकामी हवी. वळायला किती जागा लागते? ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून २७-२८ फुटांच्या आसपास जातात, त्यावरून अंदाज घ्या.

घर वर आहे आणि वळायला जागाच नाही: मग रिव्हर्सने चढवण्याशिवाय इलाज नसतो. पण यात ट्रॅक्टर खालच्या अंगाला राहतो, त्याचं वजन पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं पकड सोडतात. त्यामुळे फक्त रिकामी ट्रॉली, फक्त कोरड्या वाटेवर. चाक एकदा जरी जागेवर फिरलं तरी जोर लावू नका. खाली या, वाट झाडा, मग पुन्हा.

चार चाकी ट्रॉलीला पुढे फिरता चक्का असतो. रिव्हर्समध्ये ती दोन ठिकाणी दुमडते. तिरप्या दारात ती मागे घालायचा हट्ट करू नका. वळायला जागा नसेल तर चार चाकी रस्त्याकडेच्या सपाट, मोकळ्या जागेत लावलेली बरी, मागे लाल रिफ्लेक्टर लावून.

## ५. माल उतरवायचा तो उताराच्या अलीकडे

भरलेली ट्रॉली चढाच्या घरात नेऊ नका. सोयाबीनचे कट्टे रस्त्यावरच उतरवा आणि आत वाहा. तासाभराचं काम वाढतं, हे मान्य. पण मागच्या बाजूला जास्त माल असलेली दोन चाकी ट्रॉली चढावर गेली की वजन आणखी मागे सरकतं, दांडी हुकला वर उचलते आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं होतं. थोडा माल ठेवावाच लागला तर तो चाकांच्या थोडा पुढे ठेवा.

सकाळी बी-खत भरून निघायचं असेल तरी तेच. ट्रॉली आधी रस्त्यावर काढा, मग भरा.

हौदा उचलून माल ओतायचा तो सपाटीवरच. एक चाक चार इंच खाली असलं तरी उचललेला हौदा त्या बाजूला कलतो.

## ६. रिव्हर्स घेताना

खुणा सांगणारा एकच माणूस हवा. तीन जण ओरडले की ड्रायव्हर एकाचंही ऐकत नाही, आणि इंजिनच्या आवाजात तसंही ऐकू येत नाही. "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा बहुतेक वेळा ट्रॉलीच्या मागे, भिंतीच्या आणि फाळक्याच्या मध्ये उभा असतो. त्याला तिथून काढा. ड्रायव्हर ज्या खांद्यावरून वळून बघतो त्या बाजूला, दोन हात लांब, दिसेल असा उभा राहा. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं, एवढाच करार.

पोट्टे घरात, ढोरं कोठ्यात. दांडीवर किंवा मडगार्डवर कोणी बसलेलं नको.

मग क्रमाने:

१. रस्त्यावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत, दाराच्या जितक्या समोर येतील तितक्या आणा. उतारावर वळण घ्यायचं नाही, वळण सगळं रस्त्यावर.

२. लो मध्ये रिव्हर्स टाका. गिअर उताराच्या आधीच टाकायचा. उतरताना क्लच दाबला की ट्रॅक्टर मोकळा सुटतो. इंजिनलाच धरून ठेवू द्या, पाय क्लचवर ठेवूच नका.

३. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला एक हात धरा. ट्रॉलीची शेपटी ज्या बाजूला न्यायची, हात त्याच बाजूला सरकवा. नवख्याला यापेक्षा सोपी युक्ती मी पाहिली नाही.

४. थोडंच फिरवा, लगेच सरळ करा. दांडी आणि ट्रॅक्टर यांच्यात कोन वाढत चालला तर सुधारत बसू नका. पुढे घ्या, रेषेत आणा, पुन्हा मागे या. चार वेळा पुढे घेतलं म्हणून कोणी हसत नाही, आणि हसलं तर हसू द्या.

५. चाकं सपाटीवर आली, की आणखी हातभर मागे जाऊन थांबा.

तपासा: मागचा फाळका, दांडीखालचा स्टँड आणि हायड्रोलिकचा पाइप. तिन्ही जमिनीपासून मोकळे आहेत ना?

## ७. थांबल्यावर: पिनेचा नंबर शेवटचा

एका हंगामात अंधार पडता पडता तुरीचं कुटार उतरवून आम्ही ट्रॉली दारात लावली होती. चाकं अजून अर्ध्या उतारावर होती. पिन काही निघेना. मी हातोडा आणला, खालून दोन ठोके दिले, तिसऱ्या ठोक्याला पिन गोळीसारखी वर उडाली आणि ट्रॉली निघाली. दांडी धरलेल्या भावाने हात सोडले, तेवढी त्याला अक्कल होती. ट्रॉली ढोरांच्या पाण्याच्या टाकीवर आदळून थांबली. टाकीची एक भिंत गेली.

पिन घट्ट का बसली होती, ते दुसऱ्या दिवशी समजलं. ट्रॉलीचं सगळं ओढणं त्या एका पिनेवर होतं. घट्ट पिन म्हणजे ट्रॉली अजून कुठेच टेकलेली नाही. आपल्याला वाटतं गंज लागला.

आता क्रम असा ठेवा:

१. ब्रेक दाबून लॉक करा. इंजिन चालूच ठेवा, ड्रायव्हर जागेवरच.

२. दुसऱ्याने बाजूने येऊन दोन्ही चाकांच्या उताराकडच्या बाजूला ठोकळे टेकवावेत. सपाट जागा असेल तर पुढे आणि मागे दोन्हीकडे. दोन चाकांच्या मध्ये वाकायचं नाही.

३. तो बाजूला झाल्यावर ड्रायव्हरने ब्रेक अगदी हळू सैल करून ट्रॉली ठोकळ्यांवर टेकू द्यावी. दोन-तीन इंचांत चाक ठोकळ्याला बसतं. पुन्हा ब्रेक लॉक.

४. हौदा पूर्ण खाली आहे का बघा. इंजिन बंद करून गिअर टाका: ट्रॅक्टरचं तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. हायड्रोलिकचा दांडा दोन-तीनदा पुढेमागे करून पाइपातला दाब सोडा, मगच पाइप काढा आणि तोंडाला टोपी लावा. पाइप काढायला विसरून ट्रॅक्टर पुढे नेणारे दर हंगामात भेटतात.

५. स्टँड खाली घ्या. पायाखाली फूटभर लांबरुंद जाड फळी हवी, नाही तर काळ्या मातीत तो रात्रीतून आत जातो. दांडीचं वजन स्टँडवर येईपर्यंत फिरवा.

६. आता पिन हाताने फिरवून बघा. सहज फिरली तर काढा. घट्ट असेल तर हातोडा लांब ठेवा आणि पायरी ३ वर परत जा.

७. ट्रॅक्टर पुढे नेताना सगळे बाजूला. दांडी आणि हुक यांच्यामध्ये कोणी नको.

> सावधान: रिकाम्या दोन चाकी ट्रॉलीच्या मागच्या टोकावर दोन-तीन जण चढले की दांडी वर उचलते. आवारात पोरं असतील तर मागच्या बाजूला चेसिसखाली एक ओंडका ठेवा.

जागा अर्ध्या उतारावरचीच असेल आणि दुसरी सोयच नसेल, तर ट्रॉली ट्रॅक्टरला जोडूनच ठेवा, ठोकळे लावून. हुकपासून मोकळी करायची तर ती सपाटीवरच.

आवारात नंतर ट्रॉली थोडी इकडेतिकडे सरकवायची असेल, तर काही ट्रॅक्टरच्या पुढच्या बंपरला हुक असतो. रिकामी दोन चाकी त्याला जोडून ढकलली की सगळं डोळ्यासमोर दिसतं. हे फक्त सपाटीवर.

## ८. पावसाळ्यात आणि सकाळी काढताना

पाऊस लागला की दर आठ दिवसांनी ठोकळे आणि फळी बघा. ओली काळी माती चाकाखालून सरकते आणि ठोकळा नुसता शोभेला राहतो. चार महिने ट्रॉली हलणार नसेल तर चाकाखाली जाड फळ्या टाका आणि हौद्यात पाणी साचू नये म्हणून फाळका किंचित उघडा ठेवा.

काढताना क्रम उलटा. आधी ट्रॅक्टर हुकपर्यंत आणा, पिन आणि क्लिप लावा. मग स्टँड पूर्ण वर घ्या. अर्धवट वर घेतलेला स्टँड उताराच्या कडेला वाकतो, माझा दोनदा वाकला आहे. हायड्रोलिकचा पाइप जोडा. चाकापुढे ठोकळे असतील तर ते आधी दोराने काढा. ट्रॅक्टर अर्धा हात पुढे घेऊन थांबा, ब्रेक लॉक करा, आणि मग दोराने बाकीचे ठोकळे ओढून काढा. पिन लावण्याआधी ठोकळे काढणारे घाईत असतात, आणि वावरात जायची घाई सगळ्यांनाच असते.

वर असलेल्या घरातून सरळ तोंडाने उतरताना लो चा पहिला गिअर, क्लचवर पाय नाही, दोन्ही ब्रेक पट्टीत. इथे ट्रॉली मागून ढकलणार, म्हणून ती रिकामीच हवी, आणि रस्त्यावरचं वळण उतार संपल्यावर.

ठोकळे निघताना ट्रॉलीत टाका. दारासमोर रस्त्यावर विसरलेला ठोकळा रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, आणि वावरात तुम्हाला तो लागणारच आहे.